माशीला दोनच पंख का?

भोपाळ शहराच्या उत्तरेस करोंद नावाची वस्ती आहे. तेथील मंडीत भल्या सकाळपासून धान्य, भाजीपाला आणि फळे यांचे सौदे चालतात. ऊन जरा वर आले की पिचलेल्या केळ्यांच्या ढिगाभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. फार तर एखादा हमाल गमछाने वारा घालून त्यांना उडवितो. ड्रॉसोफिला या नावाने शास्त्रज्ञांना परिचित असलेल्या माश्या याच कुळातल्या. (आंबा-पेरूच्या बागांची नासाडी करणारी जी 'फळमाशी' शेतकऱ्यांना नको नकोशी होते, ती वेगळी. तिचे कूळ निराळे आणि अंगलटही मोठी.) दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या या तांबड्या डोळ्यांच्या जीवाने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत आनुवंशशास्त्राला जितके शिकविले, तितके दुसऱ्या प्राण्यांनी क्वचितच शिकविले असेल.

या माशीची एक साधी गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. मधमाशीला चार पंख असतात, फुलपाखराला चार, चतुराला चार. परंतु माशी आणि डास यांना दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी त्यांना इवल्याशा गदेच्या आकाराचे दोन अवयव असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना ते पंखांबरोबर भराभर कंप पावतात आणि शरीर कोणत्या बाजूस कलते आहे याची खबर मज्जातंतूंना देतात. संतोलक काढून टाकले तर माशीला नीट उडता येत नाही, ती गिरकी घेऊन खाली पडते. माशीचे पूर्वज चार पंखांचे होते याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही. मग मागच्या पंखांची गदा झाली कशी? या प्रश्नाच्या शोधाचा इतिहास शंभर वर्षांहून लांब आहे. न्यूयॉर्कमधील एका खोलीत त्याचा आरंभ झाला, आणि त्याचे अगदी अलीकडचे एक पान पुण्यात लिहिले गेले.

न्यूयॉर्कची ती खोली कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांची. दुधाच्या बाटल्या, त्यांत कुस्करलेली केळी आणि हजारो माश्या, एवढीच तेथील सामग्री. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला, आणि त्याच्या संततीचा हिशेब करता करता जनुके गुणसूत्रांवर वसलेली असतात हे सिद्ध झाले. पुढे १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य कॅल्व्हिन ब्रिजेस यांची नजर फार तीक्ष्ण होती. १९१५ मध्ये त्यांना एक अशी माशी आढळली, की जिच्या संतोलकाचा पुढचा भाग पंखासारखा पसरलेला होता. या विकृतीस 'बायथोरॅक्स' असे नाव पडले. ब्रिजेस यांनी तो वंश जपून ठेवला. त्याचा अर्थ मात्र त्या वेळी कोणालाच लागण्यासारखा नव्हता.

तो अर्थ लावण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, तो एडवर्ड ल्यूइस पेनसिल्व्हेनियातील एक विद्यार्थी. शाळेत असतानाच विज्ञानविषयक नियतकालिकातील जाहिरात पाहून त्याने व त्याच्या मित्राने एका डॉलरला माश्या मागविल्या होत्या. हा विद्यार्थी पुढे कॅलिफोर्नियात मॉर्गनच्या शिष्यांपाशी शिकला, महायुद्धात हवामान अधिकारी म्हणून राबला आणि १९४६ मध्ये पुन्हा आपल्या बाटल्यांकडे परतला. दिवस-रात्र सूक्ष्मदर्शकाखाली माश्या मोजाव्यात, मधून मधून बासरी वाजवावी, वर्षानुवर्षे फारसे काही प्रसिद्ध करू नये, असा त्यांचा खाक्या होता. आजकालच्या विद्यापीठीय व्यवहारात असा मनुष्य कितपत टिकला असता, याची शंकाच आहे. बायथोरॅक्सच्या आसपासची अनेक उत्परिवर्तने त्यांनी गोळा केली, आणि त्यांतील काही एकाच माशीत आणून बसविली. तेव्हा संतोलकांच्या जागी पूर्ण वाढलेले पंख असलेली, म्हणजे चार पंखांची माशी जन्मास आली! तिचे छायाचित्र आज जीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. कोट्यवधी वर्षांपूर्वी हरवलेले रूप दोन-चार बिघाडांनी परत यावे, यात एक प्रकारचे आश्चर्य आहे. पण ती बिचारी धड उडू शकत नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

१९७८ मध्ये ल्यूइस यांनी आपले निष्कर्ष एका प्रसिद्ध निबंधात मांडले. त्यांची कल्पना अशी की, माशीच्या शरीराच्या मागील खंडांसाठी गुणसूत्रावर ओळीने जनुके मांडलेली असावीत, प्रत्येक खंडास आपले आपले एक. आणि आश्चर्य असे की ती शरीरावरील खंडांच्याच क्रमाने मांडलेली. क्रम अगदी बिनचूक निघाला. जनुकांची संख्या मात्र चुकली, आणि या चुकीतच पुढील सारा शोध दडलेला होता.

येथे जरा थांबून जनुक म्हणजे काय ते पाहावे. डीएनए हा ए, टी, जी आणि सी अशा चार अक्षरांत लिहिलेला एक अतिदीर्घ लेख. त्यातील काही भागांत प्रथिने बनविण्याची कृती लिहिलेली असते. हे भाग पेशी वाचते आणि त्यांबरहुकूम प्रथिने घडविते. परंतु लेखाचा फार मोठा भाग असा, की ज्यात कोणत्याच प्रथिनाची कृती नाही. मनुष्याच्या डीएनएत अशा कृतींनी जेमतेम दीड-दोन टक्के जागा व्यापली आहे. उरलेल्याचे काय? १९७२ मध्ये सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने त्यास 'रद्दी' असे नाव दिले, आणि ते चांगलेच रूढ झाले.

हे नाव सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याच्या एका पेशीत माणसाच्या पेशीपेक्षा सुमारे पाचपट डीएनए असतो. कांदा माणसाहून पाचपट गुंतागुंतीचा आहे असे तर कोणी म्हणणार नाही. त्यात पुष्कळसा भार निरुपयोगी असलाच पाहिजे. आज जे उत्साही लेखक 'रद्दी मुळी नाहीच' असे सांगत सुटतात, त्यांनी कांद्याचा विचार केलेला दिसत नाही. तथापि त्या ढिगाऱ्यात मोलाची कागदपत्रे होती, आणि ती कोठे पाहावीत हे माशीनेच दाखविले.

१९७८ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे डेव्हिड हॉग्नेस यांच्या हाताखाली वेल्कम बेंडर आणि पिएर स्पिअरर या दोघांनी बायथोरॅक्सच्या प्रदेशातील डीएनए तुकड्यातुकड्याने उचलण्यास प्रारंभ केला. एका तुकड्याचे टोक पुढच्या तुकड्याशी जुळवावयाचे, असे करीत गुणसूत्रावरून पावला-पावलाने चालावयाचे, ही त्यांची रीत होती. १९८३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रदेश फार विस्तृत निघाला: सुमारे तीन लक्ष अक्षरांचा. पण ल्यूइस यांनी कल्पिलेली आठ-नऊ प्रथिने त्यात सापडेनात. पुढील दोन-तीन वर्षांत खात्री पटली की प्रथिनांच्या कृती आहेत तिघांच्याच, आणि त्यांतील पहिलीचे नाव 'अल्ट्राबायथोरॅक्स'. मग त्या नाना विकृती कशाच्या? ज्या बिघाडांनी संतोलकाचा पंख होतो, ते पाहिले तर बहुतेक सारे प्रथिनाच्या कृतीबाहेर पडलेले! कोठे एखादा भटका डीएनए मध्येच घुसलेला, कोठे १७ हजार अक्षरांचा तुकडा गहाळ झालेला. कृती मात्र अक्षरशः शाबूत. माशीजवळ प्रथिन होते, पण ते योग्य जागी, योग्य वेळी निर्माण होत नव्हते.

१९९५ मध्ये या प्रदेशाचा संपूर्ण अक्षरक्रम प्रसिद्ध झाला. सुमारे ३,१५,००० अक्षरांपैकी प्रथिनांच्या कृतीत लागलेली केवळ १.४ टक्के. त्या वर्षी सत्त्याहत्तर वर्षांचे असलेले ल्यूइस स्वतः या कामातील एक लेखक होते, आणि त्याच वर्षी क्रिस्टिआने न्युसलाइन-फोल्हार्ट व एरिक वीशाउस यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कल्पनेतील प्रत्येक खंडाचे 'जनुक' खोटे नव्हते. ती जनुके नव्हती, नियामके होती.

नियामक म्हणजे काय, याची पहिली कल्पना माशीवरून आलेली नव्हती. पॅरिसमध्ये फ्रांस्वा जाकोब आणि जॅक मोनो यांनी १९६१ मध्ये जंतूंवरील प्रयोगांतून ती मांडली: कृतीच्या लगत काही अक्षरे अशी असतात, की त्यांवर एखादे प्रथिन येऊन बसले की कृती वाचली जाते किंवा वाचणे थांबते. जंतूंच्या बाबतीत हे नियामक कृतीला अगदी चिकटून असते. बहुपेशीय प्राण्यांत मात्र ते हजारो अक्षरे दूरही असू शकते, ही गोष्ट १९८१ नंतर हळूहळू स्पष्ट झाली. मराठी शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावयास कठीण नाही. कालव्याचे पाणी एकच. पण ते कोणत्या वावरात, कोणत्या पाळीला आणि किती वेळ सोडावयाचे, हे ठरते वाटेतल्या दारांवर, आणि ती दारे उघडणाऱ्या पाटकऱ्यावर. जनुक हे पाणी मानले तर नियामक अक्षरक्रम ही दारे, आणि त्यांवर येऊन बसणारी प्रथिने हे पाटकरी. एकाच जनुकास दहा दारे असू शकतात: एक डोळ्यासाठी, एक पायासाठी, एक पंखासाठी. त्यामुळे एक दार मोडले तरी उर्वरित शरीराचे काम सुरळीत चालते, आणि नेमक्या एकाच अवयवात बदल घडतो. प्रथिनाची कृतीच बिघडली असती तर सारे शरीरच कोलमडले असते.

शेतात जसे बांध असतात, तसे या प्रदेशातही असतात. एका खंडाच्या नियामकाचे काम शेजारच्या खंडाच्या नियामकात मिसळू नये, म्हणून मध्ये विशिष्ट अक्षरक्रमांचा बांध असतो. तो फुटला की एका खंडाचे रूप दुसऱ्यास येते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात राकेश मिश्र आणि त्यांचे सहकारी यांनी या बांधांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

दार म्हणजे नेमकी किती अक्षरे? १९९१ च्या सुमारास मायकेल लेव्हिन यांच्या गटाने याचे एक सुंदर उदाहरण दिले. माशीच्या भ्रूणात एक विशिष्ट जनुक सात पट्ट्यांत जागे होते. त्यातील दुसऱ्या पट्ट्यापुरते निराळे नियामक असून त्याची लांबी सुमारे ५०० अक्षरे आहे, असे त्यांनी दाखविले. त्यावर दोन प्रथिने 'चालू' म्हणतात, दोन प्रथिने 'बंद' म्हणतात. आणि ज्या अरुंद पट्टीत पहिल्या दोघांचे चालते व दुसऱ्या दोघांचे चालत नाही, तेथेच जनुक जागे होते. या प्रथिनांनी नियामकावर काटेकोर रचनेत बसलेच पाहिजे, की थोडी ऐसपैस बैठकही चालते, हा पुढचा वाद. मिशिगन राज्य विद्यापीठातील मेघना कुलकर्णी आणि डेव्हिड आर्नोस्टी यांनी २००३ मध्ये माशीच्या भ्रूणावरील प्रयोगांतून असे सुचविले, की पुष्कळ नियामके ही जाहिरातीच्या फलकासारखी असावीत: निरनिराळे मजकूर शेजारी शेजारी लावलेले, आणि वाचणारी यंत्रणा ते सुटे सुटे वाचून निर्णय घेणारी. हे मत आजही चर्चेत असते.

२००० साली माशीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि सुमारे १३,६०० जनुके मोजली गेली. त्यानंतर व्हिएन्ना येथील संशोधकांनी मोठ्या चिकाटीचे एक काम केले. प्रथिनाची कृती नसलेल्या डीएनएचे ७,७०५ तुकडे त्यांनी एकेक करून जिवंत माश्यांत बसविले, आणि कोणता तुकडा भ्रूणात जनुक जागे करतो ते पाहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत जवळजवळ निम्मे तुकडे, म्हणजे ४६ टक्के, कोठे ना कोठे कार्य करताना आढळले.

भारतात या माशीचे एक महत्त्वाचे घराणे मुंबईत वाढले. १९६२ मध्ये होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने ओबेद सिद्दिकी यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. प्रारंभी तेथे जंतूंवर काम चाले. १९७० नंतरच्या दशकात सिद्दिकी माशीच्या वास आणि चव यांच्या ज्ञानाकडे वळले. त्यांच्याकडे शिकावयास आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे. जन्म केनियातला, शिक्षण कंपाला आणि डब्लिन येथे. पत्र पाठवून त्यांनी मुंबईत प्रवेश मिळविला आणि २०१० मध्ये निधन होईपर्यंत माशीचे गंधेंद्रिय कसे घडते याचा पाठपुरावा केला. त्यांच्या काळात नियामके ही केवळ अभ्यासाची वस्तू न राहता एक हत्यारही झाली होती. माशीच्या स्वतःच्या नियामकाकरवी हव्या त्या पेशीसमूहात हवे ते जनुक चालू करण्याची युक्ती १९८७ ते १९९३ या काळात सिद्ध झाली होती, आणि जगातील प्रत्येक माशी-प्रयोगशाळेने ती उचलली.

हे सारे माश्यांचे झाले. माणसाचा त्याशी संबंध काय, असे एखाद्यास वाटेल. संबंध पाहावयास मध्य भारताबाहेर जाण्याची गरज नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतात सिकलसेल दोष आढळतो हे लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये नोंदविले. विदर्भ, नंदुरबार आणि मध्य प्रदेशातील आदिवासी जिल्हे यांत हा रक्ताचा आजार आजही घरोघरची वेदना आहे. त्याचा मूळ दोष रक्तातील प्रथिनाच्या कृतीत आहे, नियामकात नाही. परंतु आजार किती उग्र व्हावा, हे पुष्कळ अंशी नियामकावर ठरते. गर्भावस्थेत मनुष्याचे रक्तप्रथिन निराळे असते आणि जन्मानंतर ते बंद पडते. ते थोडेफार चालू राहिले तर रोग्याचा त्रास कमी होतो. भारतातील पुष्कळ रुग्णांत त्या गर्भप्रथिनाच्या जनुकाच्या आरंभापूर्वी १५८ व्या स्थानी एक अक्षर बदललेले असते, आणि त्यांच्या रक्तात हे प्रथिन अधिक आढळते. सर्वांसच त्यामुळे सौम्यपणा लाभतो असे नाही. विदर्भातील कित्येक मुलांचे हाल पाहिलेले डॉक्टर ते जाणतात. २०१३ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी गर्भप्रथिन बंद करणाऱ्या जनुकाचे रक्तपेशींपुरते असलेले नियामक शोधून काढले. ते त्या जनुकाच्या पोटातच, कृती नसलेल्या भागात होते. तेच दार मोडणारा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केला. त्याच वर्षी १ जुलै रोजी शहडोल येथे भारत सरकारच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लक्ष डॉलर ठरली आहे. शहडोलच्या रुग्णाला तो आकडा ऐकून काय वाटेल, ते सांगावयास नको.

आता माशीच्या मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. अल्ट्राबायथोरॅक्स हे प्रथिन संतोलकाच्या खंडात असते आणि तेथील पंखाची वाढ रोखते, एवढे ठरले. सोपे उत्तर असे झाले असते की, चार पंखांच्या कीटकांत हे प्रथिन मागच्या पंखांत नसावे. १९९४ मध्ये शॉन कॅरल यांच्या गटाने फुलपाखरांत पाहिले, तो हे प्रथिन मागच्या पंखात व्यवस्थित हजर! मधमाशीतही तसेच. पाटकरी आहे, पण तो पंखाचे पाणी तोडत नाही. मग प्रथिनच निराळे असेल काय? २००० मध्ये याच गटाने कीटकांशी अतिशय दूरचे नाते असलेल्या मखमली कृमीचे अल्ट्राबायथोरॅक्स माशीत घालून पाहिले. माशीच्या ऊतींची ओळख बदलणारी पुष्कळशी कामे त्याने बजावली. काही मात्र त्यास जमली नाहीत. प्रथिनही काळाच्या ओघात बदलले आहे यात संशय नाही. पंखाच्या बाबतीत मात्र संशयाचा रोख दारांकडे वळला.

येथे पुण्याचा प्रवेश होतो. हैदराबादच्या केंद्रात संतोलकाचा अभ्यास केलेले एल. एस. शशिधर पाषाण रस्त्यावरील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले. ही संस्था २००६ मध्ये स्थापन झालेली. त्यांच्या गटाने २०११ मध्ये माशीच्या संपूर्ण जनुकसंचात अल्ट्राबायथोरॅक्स कोठे कोठे बसते याची यादी केली. पुढे मधमाशीची आणि रेशीमकिड्याची अशीच यादी करून तुलना आरंभली. मधमाशी आणि माशी यांचे पूर्वज वेगळे होऊन ३० कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत. इतक्या दूरच्या दोन लेखांतून साम्य-भेद काढावयाचे, म्हणजे मोडी लिपीतील दोन जीर्ण दफ्तरांचा मेळ घालण्यासारखेच काम. सौमेन खान व त्यांचे सहकारी यांनी, फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांच्या साहाय्याने, या तुलनेतून जी गोष्ट बाहेर काढली ती अगदी लहान आहे. अशा प्रथिनांची नेहमीची बसण्याची जागा म्हणजे टी-ए-ए-टी ही चार अक्षरे. माशीत मात्र अल्ट्राबायथोरॅक्सची पसंती टी-ए-ए-ए-टी या पाच अक्षरांना दिसली. मधमाशीत अशी पसंती आढळली नाही. मध्ये एक 'ए' जादा, इतकाच भेद.

हा भेद खरोखर काही घडवितो, की नुसता योगायोग, हे पाहण्यासाठी त्यांनी 'व्हेस्टिजियल' या जनुकाचे नियामक निवडले. हे जनुक बिघडले की माशीचे पंख खुरटतात. ही विकृतीही मॉर्गन यांच्याच प्रयोगशाळेत प्रथम आढळलेली. माशीत अल्ट्राबायथोरॅक्स संतोलकामध्ये या जनुकाला दाबून ठेवते. माशीच्या नियामकातील ती पाच अक्षरे बदलताच हा दाब नाहीसा झाला. त्यानंतर त्यांनी मधमाशीचे नियामक उचलून माशीत बसविले. ते संतोलकातही जागेच राहिले; माशीच्या पाटकऱ्याचा हुकूम त्यास कळेना. मग त्या मधमाशीच्या नियामकात टी-ए-ए-टीच्या जागी टी-ए-ए-ए-टी केले, आणि ते परके दार माशीच्या पाटकऱ्याचे ऐकू लागले.

या प्रयोगाने संतोलकाचा सारा इतिहास उलगडला असे मात्र नव्हे. संतोलक घडविताना अल्ट्राबायथोरॅक्स एक-दोन नव्हे, शेकडो जनुकांवर हुकूमत चालविते. पंखाची रुंदी, शिरांची आखणी, केसांची दाटी, पेशींचा आकार, या प्रत्येकाचे दार निराळे. व्हेस्टिजियलचे दार त्यातील एक. बाकीच्या दारांत ते जादा 'ए' केव्हा आणि कोणत्या क्रमाने शिरले, एकदम की कोट्यवधी वर्षांत थोडे थोडे, आणि मधल्या काळातील माशीचे मागचे पंख कसे दिसत असतील, हे शोधावयाचे राहिले आहे. त्यासाठी डास, मधमाशी आणि रेशीमकिडा यांची दफ्तरे माशीच्या दफ्तराशेजारी ठेवून अक्षर अक्षर लावून पाहण्याचे काम चालू आहे.